सात नंबरच्या भिंगावरचं धुकं

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कॉलेजचा सात नंबर मायक्रोस्कोप परत पाठवतोय. पत्र नेहमीच्या जागी, पेटीच्या खालच्या खणात ठेवलंय, म्हणजे तू आधी भिंगं मोजशील आणि मग मला वाचशील. लोक फोनवर बोलतात, आपण मात्र पंचवीस वर्षं तुझ्या प्रयोगशाळेच्या पेट्यांतून एकमेकांची खुशाली विचारतोय. एप्रिलअखेर तू रिटायर झालीस की आपल्या पत्रांना वाहन उरणार नाही. मला तुझ्या रिटायरमेंटपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

सात नंबरची बातमी चांगली नाही. ढिला स्क्रू बसवला, आरसा नवा घातला, काचपट्टी धरायच्या पट्ट्या बदलल्या. पण मोठ्या भिंगावर धुकं आहे. तीनदा उघडलं, तीनदा पुसलं, एक दिवस उन्हात ठेवून पाहिलं, जैसे थे. आतून बुरशी धरली असणार. यंदा हवाच खराब दिसते, कारण डिसेंबरपासून आलेल्या सहा यंत्रांपैकी चारांना हेच दुखणं आहे. माझं ऐकशील तर सात नंबर भंगारात काढ. तुझ्या कॉलेजचं मी दुरुस्त केलेलं हे पहिलं यंत्र, त्यामुळे हे लिहिणं जिवावर आलंय. पण म्हाताऱ्या वस्तूंचे फार लाड करू नयेत.

तपासायला म्हणून तू दिलेल्या बाटलीतल्या तळ्याच्या पाण्याचा थेंब लावला. अमीबा दिसला, धूसर का होईना. ताई, मला तो प्राणी फार पटला. एवढीशी एक पेशी, पण कुणाची मिंधी नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठकीची खोली, सगळं एकातच. भूक लागली की अंग पुढे सरकवायचं आणि घास गिळायचा. सासर नाही, शेजार नाही, वाटण्या नाहीत. तुमच्या घरात सहा माणसं आणि एक बाथरूम. सकाळी तिथे जी रांग लागते ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. माझं बघ. खाली वर्कशॉप, वर खोली, मध्ये अकरा पायऱ्या. लग्न केलं नाही, हाताखाली माणूस ठेवला नाही. सत्तावन्न वर्षं कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

भावोजींना आणि सासूबाईंना नमस्कार. कळावे. माया आहे तशी राहू दे, थोडी वाढवलीस तर तक्रार करणार नाही.

तुझा एकपेशीय धाकटा


दि. १४ जानेवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

पेटी पोचली. आधी भिंगं मोजली, मग तुला वाचला, मग पुन्हा भिंगांकडे गेले. भिंग्या, सात नंबर ठणठणीत आहे.

नुसतं माझं म्हणणं नाही. तळ्याच्या पाण्याचा थेंब लावून मी पाहिला, आमच्या प्राध्यापकबाईंनी पाहिला, संध्याकाळी न्यायला आलेल्या ह्यांनाही बघायला लावला. ह्यांना चष्म्याशिवाय स्वतःचा बूट सापडत नाही, पण अमीबाच्या पोटातलं हिरवं शेवाळ ह्यांना दिसलं. काच आरशासारखी लख्ख आहे. तीनदा पुसल्यावर असणारच. मग धुकं कुठे आहे, ते तूच सांग. सहांपैकी चार यंत्रांवर धुकं, आणि बघणारा एकच. मला हे प्रयोगशाळेत उभ्या उभ्या सुचलं. हे पत्र वाचून झालं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज. दोन्ही डोळे दाखव.

आता तुझ्या लाडक्या अमीबाबद्दल. प्राध्यापकबाईंनी एक खूळ काढलंय. रिटायर व्हायच्या दिवशी मी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचं आहे. चौतीस वर्षं मी बाटल्या धुतल्या, काप काढले, किडे सांभाळले, पण फळ्यासमोर कधी उभी राहिले नाही. विषय मीच निवडलाय: एका पेशीच्या जगण्यापेक्षा अनेक पेशींचं जगणं कशात बरं. तुझ्यावर तालीम करून घेते, कारण तुझ्याइतका हटवादी विद्यार्थी कॉलेजात मिळायचा नाही.

तू पाहिलास त्याच थेंबात दुसरा एक जीव होता. तुझ्या अमीबाएवढाच असेल, पण हजारभर पेशींचा. तोंडाशी केसांची दोन चक्रं, आत दळणारा जबडा, मागे चिकटायला पाय. चक्रांच्या पेशी पाणी ओढत होत्या, जबड्याच्या दळत होत्या, आतल्या पचवत होत्या, आणि कुणी कुणाच्या कामात लुडबुड करत नव्हतं. तेवढ्या वेळात त्याने आजूबाजूचे सुटे एकपेशीय किती गिळले, ते मोजता मोजता मी थकले. तुझा अमीबा स्वतःच हात, स्वतःच पाय, स्वतःच पोट. म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि आकार पेशीला फार वाढवता येत नाही. मोठं व्हायचं तर एकीला दुसरीचा हात धरावाच लागतो. मोठं असलं की निदान येताजाता कुणी गिळत नाही.

इकडे सगळे बरे. सासूबाईंचे गुडघे धरलेत. त्यांच्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या गोळ्या, पाण्याची मोटर, नातीचं दप्तर, सगळं मीच बघते, त्यामुळे तुला लिहायला वेळ झाला. फोन करणार होते, पण फोनवर तू फक्त बरं म्हणतोस आणि ठेवतोस. कळावे. स्वतःची काळजी घे, म्हणजे मला ती घ्यायला एवढ्या लांब यावं लागणार नाही.

तुझी ताई


दि. २५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रागावलो. चांगला दोन दिवस रागावलो. पस्तीस वर्षं ज्याच्या नजरेवर सात-आठ कॉलेजांची यंत्रं चालतात, त्याला तू डोळे तपासायला सांगतेस म्हणजे काय! मग तिसऱ्या दिवशी, तुला खोटं पाडावं म्हणून, बाकावर बसलो आणि उजवा डोळा हाताने झाकला.

समोरचं कॅलेंडर नाहीसं झालं. भिंत गेली. खिडकीच्या जागी नुसता फिकट डाग राहिला. मी हात काढला, पुन्हा झाकला, पुन्हा काढला. असं किती वेळ करत होतो, कोण जाणे.

त्याचं कारण तुला सांगितलं तर हसशील, किंवा रडशील. आम्ही कारागीर एका डोळ्याने भिंगात बघतो. दुसरा मिटत नाही, मिटला की डोकं दुखतं. तो उघडाच ठेवायचा आणि तो काय सांगतोय तिकडे लक्ष द्यायचं नाही. ही सवय लागायला सहा महिने लागतात आणि मग जन्मात सुटत नाही. पस्तीस वर्षं मी डाव्या डोळ्याचं ऐकलं नाही. तो कधी बोलायचा थांबला, ते मला कळलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं, पण दुसरं कुणी इथे असतं कुठे?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. डावा काचबिंदूने गेला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने अंधार करत आणतो म्हणे. तो परत येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू आहे, तेच तुझं धुकं. ऑपरेशनने तो निघेल, पण तो फार पिकून कडक झालाय, आणि काही बिघडलं तर बदली डोळा नाही. फेब्रुवारी संपायच्या आत करा म्हणाल्या. जितका उशीर तितका धोका जास्त. मी म्हटलं करा. त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? कारण पट्टी बांधली की मी ठार आंधळा. पहिले काही दिवस जिना उतरायचा नाही, वाकायचं नाही, दर चार तासांनी थेंब, तेही दुसऱ्याने घालायचे. मी म्हटलं, माझ्यासोबत मी आहे. बाईंनी फाईल मिटली आणि सांगितलं, माणूस घेऊन या, मग तारीख देते.

आता माणूस कुठून आणू? शेजारचा शिंपी विचारत होता, त्याला मी नाही म्हटलं. माझ्या खोलीत येऊन कुणी माझे डोळे उघडावेत, हे मला नको वाटतं. तुझ्या अनेक पेशींच्या जगण्यातली मेख मला तीच दिसते. तुझ्याच तोंडून ऐकलंय, कातडीच्या वरच्या पेशी मरून गेलेल्या असतात आणि तरी सगळा मार त्याच खातात. कुणीतरी कातडी व्हायचं, तेव्हा कुणीतरी मेंदू होऊन आरामात बसणार. त्यापेक्षा अमीबा बरा. तो दुसऱ्याला खातो, पण वापरत नाही. आणि दोन होत होत जगतो, त्याला म्हातारपण नाही.

ताई, मी घाबरलोय. हे फक्त तुला लिहितोय. उजवा गेला तर वर्कशॉप गेलं, आणि वर्कशॉपशिवाय मी म्हणजे नक्की काय, ते मला माहीत नाही.

कळावे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा एकपेशीय धाकटा


दि. ३० जानेवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सामानाच्या खोलीत वाचलं आणि तिथेच रडून घेतलं. प्राध्यापकबाईंनी हाक मारली तेव्हा फॉर्मालीन डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं. चौतीस वर्षांत माझ्या डोळ्यात कधी फॉर्मालीन गेलेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आधी अमीबाचं मिटवते. तो दोन होतो म्हणून मरत नाही म्हणतोस. दोन झाल्यावर आधीचा कुठे गेला, ते विचार त्याला. आणि पाणी आटायला लागलं की अमीबाच्या काही जाती काय करतात, ठाऊक आहे? अंगाभोवती कडक कवच करतात आणि आत मिटून बसतात. ना खाणं, ना हलणं. पुन्हा पाणी आलं तर ठीक, नाहीतर तसेच राहतात. शिंप्याला तू नाही म्हटलंस, ते वाचताना मला ते कवच दिसलं.

कातडीचं तू खरं बोललास. सोसावं लागतं. पण आता तुझ्या डोळ्यातलंच सांगते, पुस्तकातलं नाही, मी स्वतः काप काढून पाहिलेलं. बैलाच्या डोळ्यातलं भिंग कापायला फार कठीण, चिवट. रंग देऊन बघितलं की इतर बहुतेक पेशींत एक गडद ठिपका दिसतो, तो पेशीचा केंद्रक, तिचा कारभारी म्हण. भिंगाच्या मधल्या पेशींत तो ठिपका नसतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, माझा रंग चुकला. तेव्हाच्या सरांनी समजावलं की त्या पेशी वाढता वाढता आपला केंद्रक आणि आतलं बाकी सगळं सामान मोडीत काढतात. का, तर उजेडाच्या वाटेत काही येऊ नये. स्वतःचं घर रिकामं करून त्या काच होतात. मग त्यांना जगवतं कोण? पुढच्या बाजूच्या शेजारणी, आणि भोवतालचं पाणी. अमीबाने आपला केंद्रक टाकला तर फार दिवस निघायचे नाहीत. त्याला काच व्हायची चैनच परवडत नाही. म्हणून तो उजेडापासून फार तर दूर पळू शकतो, पण सात नंबरचा स्क्रू त्याला कधी दिसायचा नाही.

तुझ्या भिंगाच्या अगदी मधल्या पेशी तू आईच्या पोटात असल्यापासून तिथे आहेत. सत्तावन्न वर्षं त्यांची बदली झाली नाही. एवढ्या नोकरीने कुणीही गढूळ होईल. तू आजवर जे जे स्वच्छ पाहिलंस, ते त्यांच्या आणि त्यांना पोसणाऱ्यांच्या जिवावर. कुणाचा मिंधा नाही, असं पुन्हा लिहू नकोस.

मी येते. तीन आठवडे राहते. फक्त लगेच निघणं कठीण आहे रे. सासूबाईंच्या नऊ गोळ्या कधी कुठली, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मोटर पाच मिनिटं जास्त चालली तर जळते, तिचा आवाज मलाच कळतो. सूनबाई कामावर जाते, चिरंजीव घरात असून नसल्यासारखा, आणि ह्यांना चहा करायला सांगितला तर पातेलं शोधण्यात सकाळ जाते. रिटायर झाले की मे महिन्यात नक्की. डॉक्टरीणबाईंना तेवढं थांबायला सांग, आणि तोवर शिंप्याला हो म्हण. कळावे. माझा जीव तुझ्यात अडकलाय, एवढं लक्षात ठेव.

तुझी ताई


दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षरं आता कागदापासून वीतभर वर तरंगतात, म्हणून दुसऱ्यांदा वाचायला एक अख्खी दुपार लागली. पण वाया गेली नाही.

भिंगातल्या पेशींचं तुझं म्हणणं मान्य. पण पुढचं वाचलं आणि हसू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नऊ गोळ्या तुझ्या डोक्यात. मोटरचा आवाज तुझ्या कानात. पातेल्याची जागा तुझ्या हातात. घरात माणसं सहा, पण हात, पाय, पोट सगळं तूच. ताई, अमीबा मी नाही, अमीबा तू आहेस. मी निदान एकट्या माणसाचा अमीबा आहे, तू सहा माणसांचा.

आणि डॉक्टरीणबाई मेपर्यंत थांबतील, मोतीबिंदू थांबणार नाही. मागच्या आठवड्यात एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची राहिली. डिसेंबरपासून ज्या चार यंत्रांवर मला धुकं दिसलं, त्यातलं एक अजून माझ्याकडे होतं. ते मी घासून घासून पुसलं होतं. तुझं पत्र आल्यावर बोट फिरवून पाहिलं. भिंगावर चरा आहे. चांगलं भिंग मी माझ्या हाताने खराब केलं, नसलेलं धुकं काढता काढता. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा. ज्यांचं होतं त्यांना खरं काय ते कळवलं आणि नवं भिंग बसवून देईन म्हणून लिहिलं. ते सज्जन निघाले. पण तेव्हापासून मी यंत्राला हात लावलेला नाही. नुसता बसतो.

तर माझा एक प्रस्ताव आहे. माझ्या वर्कशॉपात एकशे दहा खण आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही, कारण सगळे माझ्या डोक्यात आहेत. तुझ्या त्या नऊ गोळ्यांसारखे. मी शिंप्याला बोलावतो, मी सांगतो, त्याने चिठ्ठ्या लिहून खणांवर लावायच्या. तू गोळ्यांच्या डब्यांवर लाव. आधी जो पुरा करेल त्याने दुसऱ्याला कळवायचं. तू जिंकलीस तर मी डॉक्टरीणबाईंकडून तारीख घेतो. मी जिंकलो, तर तू मे महिन्याचं नाव काढायचं नाही.

कळावे. उत्तर मोठ्या अक्षरात लिही. आणि लोभ करायचा तो आत्ताच कर, मे महिन्यात नको.

तुझा एकपेशीय धाकटा


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

मोठ्या अक्षरात, आणि थोडक्यात.

तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. अमीबा तूच, तिथे सगळे हसले. सासूबाई सर्वांत जोरात. मला राग आला. मग मी गोळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला बसले, तर सूनबाई शेजारी येऊन बसली आणि न बघता नऊच्या नऊ सांगितल्या, वेळेसकट. दोन वर्षं तिला पाठ आहेत. मी चुकले तर असावं म्हणून ती रोज डबा तपासून कामावर जायची. मला बोलली नाही, कारण मला वाईट वाटलं असतं. मी हे ऐकून घेतलं आणि उठून मोटर बंद करायला गेले. ती चिरंजीवाने आधीच बंद केली होती.

चिठ्ठ्या लावून झाल्या. मी जिंकले. तारीख घे. अठराला तुझ्याकडे पोचते. जिन्याला कठडा नसेल तर दोरी बांधून ठेव. कळावे. घाबरायचं असेल तर आपण दोघं मिळून घाबरू.

तुझी ताई


दि. १५ मार्च

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. हे पत्र सात नंबरच्या पेटीतून येतंय. यंत्राला काही झालेलं नाही. प्राध्यापकबाईंच्या परवानगीने तुझ्या नव्या भिंगाची परीक्षा घ्यायला पाठवलंय, सोबत तळ्याच्या पाण्याची बाटली आहे. डॉक्टरीणबाईंनी जवळचं काम करायला परवानगी दिली की मगच बघ, उतावळेपणा करू नकोस.

घर जागेवर होतं. जागेवर म्हणजे फारच जागेवर होतं. बाथरूमच्या दाराला सूनबाईने वेळापत्रक लावलंय, त्यामुळे रांग नाही. ह्यांना चहा येतो. बरा करतात, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. पहिले दोन दिवस मी रुसून बसले, कारण माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मग नातीने येऊन सांगितलं की दप्तर सगळ्यांना भरता येतं, पण आजीशिवाय झोपताना बरं वाटत नाही. तेव्हा कुठे मला पेशीच्या गोष्टीचा शेवट सापडला. शरीर एका पेशीसाठी थांबत नाही, म्हणून तर ती निर्धास्त आपलं एकच काम जीव लावून करू शकते. हे मी मुलांना सांगणार आहे. दहा मिनिटांत बसलं नाही तर बारा घेईन.

आता मी नाही, तर थेंब कोण घालतं? शिंपी नियमाने येतो का? खरं लिही.

आणि एक तक्रार. पट्टी उघडली त्या सकाळी मी तुझ्यासमोर उभी होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिसतंय? तू म्हणालास, भिंत. एवढी सख्खी बहीण समोर उभी, आणि तुला दिसली भिंत! तेव्हा आनंदात मी ते सोडून दिलं. पण तीन आठवडे ते मनात राहिलंय. कळावे. तिकडे कोण कोण तुझी काळजी घेतं, त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली आणि आज सकाळी सात नंबर उघडला. तळ्याच्या पाण्याचा थेंब लावला. पहिली दहा मिनिटं मी भिंगात बघितलंच नाही, नुसता हात ठेवून बसलो. मग बघितलं.

सगळं दिसतं. अमीबाच्या अंगातला एकूण एक कण वाहताना दिसतो. तुझा तो चक्रंवाला जीवही दिसला. चक्रं फिरतात, जबडा दळतो, कुणी कुणाच्या कामात लुडबुड करत नाही. अमीबा सरकत सरकत एका कडेला गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. सात नंबर भंगारात काढायला सांगितलं होतं, त्याबद्दल यंत्राची माफी मागितली. मोठ्याने मागितली, शिंप्याने ऐकली.

थेंबांचं विचारलंस. सकाळी आठला शिंपी घालतो, त्याचा हात सुई धरायचा म्हणून अचूक. दुपारी बाराला समोरची पाववाली येते. तिच्या हाताला पिठाचा वास असतो आणि आधी साबणाने धुवायला लावलं की रागावते. चारला किल्ल्या बनवणारे आजोबा. ते निम्मे थेंब गालावर घालतात, पण त्यांना नाही म्हणवत नाही. रात्रीचे आठचे शिंप्याची बायको. दिवसातून चार माणसं माझा डोळा उघडतात, ताई, आणि मला आता त्याचं काही वाटत नाही. खणांवर एकशे दहा चिठ्ठ्या आहेत, शिंप्याच्या अक्षरात. परवा मी वर झोपलो असताना एक मास्तर यंत्रासाठी स्क्रू मागायला आले, तर पाववालीने खणातून नेमका तोच काढून दिला. मला उठवलंसुद्धा नाही.

आता भिंतीचं. ते मी खोटं बोललो.

पट्टी निघाली तेव्हा समोर तूच होतीस. गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा तुझे केस मला काळेच दिसले होते. ते माझ्या मोतीबिंदूने रंगवले होते, हे त्या सकाळी कळलं. तुझे केस पांढरे झालेत, ताई. सगळे. डोळ्यांखाली काळं आलंय. उजव्या हाताची दोन बोटं प्रयोगशाळेतल्या औषधांनी पिवळी पडलीत, आणि तू उभी होतीस तीसुद्धा खाटेचा दांडा धरून. मी इतकी वर्षं बारीक वस्तू बघून पोट भरतो, आणि तू म्हातारी झालीस ते मला दिसलं नव्हतं. मला रडू फुटणार होतं. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं, डोळ्यातून पाणी काढायचं नाही, टाके नवे आहेत. म्हणून मी भिंत म्हणालो, आणि खरंच भिंतीकडे बघत बसलो.

रिटायर झालीस की ये. थेंब घालायला नको, त्याला माणसं आहेत. नुसती ये. अकरा पायऱ्यांना कठडा लावून घेतलाय, तुझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.

कळावे. माया पुष्कळ आहे, आता ती दिसतेही.

तुझा धाकटा